कोन हाये?

बियाण्याच्या कंपनीवाल्या पोऱ्यानं
आधी बोंडअळी दाखवली, मग फवारणी,
मग म्हणाला, आता एक पिक्चर लावतो, अंतराळातला,
डब केलेला आहे, झोपू नका.
समाजमंदिराची मागची भिंत.
तिच्यावर रंगवलेलं 'हागणदारीमुक्त गाव'
चुन्याखालून अजून डोकावतं,
त्यामुळे ग्रहांच्या मधोमध, काळ्याकुट्ट पोकळीत
'मुक्त' एवढं शेवटपर्यंत तरंगत राहिलं.

यानात तिघं. हवा मोजून चौदा दिवसांची.
पाणी इतकं कमी की मूत गाळून पितात.
गौकरणा तायडे बोलली,
"गायून तं भेटते बाप्पा त्याइले,
आपल्या बोअरचं पिऊन पाहा म्हना एक डाव."
खारपाणपट्टा हसला.
त्यानंतर कोणी हसलं नाही.

कारण दुरुस्तीला बाहेर गेलेल्याचा दोर तुटला,
तो ठिपका होत होत गेला,
आणि सहाव्या दिवशी
दारावर टकटक झाली.

"बाहीर हवा नाई तं आवाज कसा आला बे?"
नववीतली प्रणोती मागून म्हणाली,
"हवेतून नाई काका, लोखंडातून."
म्हणाली आणि तिचाच हात
बसल्या खुर्चीच्या दांडीवरून निघाला.

कॅप्टन बाई. तिचा हात दांड्यावर.
बाहेरून तो तिला लहानपणच्या नावानं हाक मारतो.
काटा खाली येतो. पुन्हा टकटक.

उकंडा भटकर उभाच राहिला, बोटात विझलेली बिडी,
"उघडू नोको पोरी! थो मेला हाये!
सा दिवस कोनी जगते काय?"
"खाली बस ना बुढ्या, दिसून नाई रायलं."
सत्तार पंपवाला म्हणे, आधी काई पुसा त्याले, खून-गाठ.
पोट्टे म्हणे उघड, उघड,
एकानं तर ढेकूळ फेकलं,
ते शनीच्या कड्याला लागून फुटलं.

पंचफुलाबाई डोक्यावरून शाल घेऊन भिंतीजवळ होती.
"लय थंडी असन ना भाईर," एवढंच म्हणाली.
थोड्या वेळानं,
"म्या उघडलं असतं."
तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.
तिच्या घराला दार नाही, तुराट्यांचा ताटवा आहे,
हे गावाला माहीत.
का आहे, तेही.

बाईनं दांडा ओढला.
पडदा पांढरा झाला. चुना, नुसता चुना.
आत कोण आलं ते दाखवलंच नाही.

"हे काय झालं बे? पैसे वापस करा!"
"फुकट होता ना भौ."
"तरी वापस करा!"
पोऱ्या वायर गुंडाळत होता, त्याला बोंडअळीपुरतंच माहीत.
लोक वाटेनं भांडत गेले, तोच होता, तो नव्हता,
उकंडा तर स्वतःशीच भांडत गेला.

साडेअकराला मी माझं दार वाजवलं.
बायको लेकराला घेऊन मध्येच उठून आली होती,
तिनं पिक्चर टकटकीपर्यंतच पाहिलेला.
"कोन हाये?"
"मी."
"मी कोन?"
"अवं, मी!"
आत शांतता. दिवा लागला, पण कडी नाही.
"माह्या बापानं लग्नात काय देतो म्हनलं होतं?"
"सायकल."
"कोन्या रंगाची?"
पाय गारठलेले. मी खरंच आठवायला लागलो,
हिरवी? काळी? मग संतापलो,
"आलीच नाई तं रंग कोनता सांगू तुले!"
कडी निघाली.

अंथरुणात पडून ऐकत राहिलो.
गल्लीभर तेच चाललं होतं,
कोन हाये, मी कोन,
कुठे भैशीचं नाव, कुठे उधारीचा आकडा,
एक एक कडी निघत होती, एक एक लागत होती.

सगळं निजल्यावर
पंचफुलाबाईकडचा ताटवा वाजला.
वारा असेल.
दोनदा वाजला.